मत्स्यपेटींतील दिवस व रात्र

हल्लीं आपल्याकडील पुष्कळ घरांतून, दुकानांतून आणि दवाखान्यांच्या बैठकींतूनहि कांचेच्या पेटींत मासे पाळलेले दिसतात. शाळेंतील मुलांस तर या छंदाचें विलक्षण वेड असतें. वाढदिवसाची भेट म्हणून फिशटँक मागणारे विद्यार्थी कांहीं थोडेथोडके नाहींत. छंद चांगला आहे. पाहणाऱ्याचें मन निवविणारा, हातास व डोळ्यांस शिस्त लावणारा आणि सृष्टिशास्त्राचे धडे घरबसल्या देणारा असा दुसरा छंद क्वचितच सांपडेल. परंतु या पेटीवर जो दिवा बसविलेला असतो, त्याच्याविषयीं मात्र सर्वत्र एक प्रकारची बेफिकिरी दिसून येते. तिच्यासंबंधानें चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

हा दिवा लागतो केव्हां आणि मालवतो केव्हां? बहुतेक घरांत याचें उत्तर एकच आहे: घरांतील माणसांच्या मर्जीप्रमाणें. पाहुणे आले कीं लागतो. सकाळीं शाळेची घाई असली कीं लागतच नाहीं. रविवारीं पहांटेपासून मध्यरात्रीपर्यंत जळत राहतो. परीक्षा जवळ आली म्हणजे अभ्यासाच्या खोलींत रात्रीं एक वाजेपर्यंत त्याची सोबत असते. आणि सारीं माणसें गांवीं गेलीं म्हणजे चार दिवस पेटी अंधारांत. आमचें म्हणणें असें कीं, हा दिवा पेटीच्या मालकाचा नसून पेटींतील जीवांचा आहे. त्याची वेळ त्यांच्या गरजेवरून ठरावी, एकदां ठरली म्हणजे रोज तीच राहावी, आणि आपल्या हौसेखातर ती मोडूं नये.

या म्हणण्यास आधार काय, तें प्रथम पाहूं. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं प्रयोगशाळेंत हायड्रिलाचा प्रयोग केलाच असेल. चंचुपात्रांत हायड्रिला ठेवून त्यावर नरसाळें उपडें घालावयाचें, नरसाळ्याच्या नळीवर पाण्यानें भरलेली परीक्षानळी बसवावयाची आणि तें सर्व उन्हांत ठेवावयाचें. थोड्याच वेळांत वनस्पतींतून बुडबुडे निघून नळीच्या टोंकाशीं वायु जमूं लागतो. तोच प्राणवायु. पात्र अंधारांत नेलें कीं बुडबुडे थांबतात. हें रहस्य प्रथम उकलून दाखविलें तें यान इंगेनहाउस या डच वैद्यानें. इ. स. १७७९ च्या उन्हाळ्यांत इंग्लंडमध्यें राहून त्यानें पाण्यांत बुडविलेल्या पानांवर शेंकडों प्रयोग केले आणि असें सिद्ध केलें कीं, वनस्पति हवा शुद्ध करतात त्या केवळ उजेडांत; अंधार पडला कीं त्याच वनस्पति आपल्यासारख्या श्वासोच्छ्वास करून हवा दूषित करूं लागतात. त्याच्या आधीं जोसेफ प्रीस्टली या इंग्रज धर्मोपदेशकानें पुदिन्याच्या डहाळीनें कोंडलेली हवा सुधारते हें पाहिलें होतें; परंतु तें काम उजेडाचें, हें सांगण्याचा मान इंगेनहाउसकडेच जातो.

घरांतील मत्स्यपेटी म्हणजे हाच प्रयोग, फक्त पात्र मोठें आणि त्यांत जिवंत मासे सोडलेले. दिवा लागलेला असतांना पेटींतील झाडें पाण्यांतला कर्बवायु घेतात व प्राणवायु सोडतात. दिवा मालवल्यावर झाडें, मासे, गोगलगायी व डोळ्यांस न दिसणारे जंतु हे सर्वच प्राणवायु खर्च करूं लागतात. आणि त्यामुळें पाण्यांतील प्राणवायूचा सांठा पहांटे सर्वांत कमी असतो. ज्या पेटींत झाडांची व माशांची दाटी झाली आहे, तेथें सकाळीं मासे पृष्ठभागाशीं येऊन तोंडें वासतांना दिसतात तें यामुळेंच. त्यांत उन्हाळा असेल तर अडचण दुणावते. पाण्याची उष्णता २० अंश असतांना एका लिटरमध्यें सुमारें ९ मिलिग्रॅम प्राणवायु विरघळूं शकतो. तीच ३० अंशांवर गेली म्हणजे जेमतेम साडेसात. चैत्र-वैशाखांत देशावरील घरांत पेटीचें पाणी तीस अंशांपलीकडे सहज जातें. अशा वेळीं हवेचा पंप रात्रभर चालूं द्यावा, हा त्यावरील सरळ उपाय.

येथें कोणी म्हणेल कीं, उजेडानें जर प्राणवायु मिळतो, तर दिवा अखंड कां ठेवूं नये? प्रश्न तर्कास धरून आहे, म्हणूनच पुष्कळ लोक त्यांत फसतात. उजेड हें अन्न आहे, आणि तें अन्न खाणारीं केवळ आपण लावलेलीं झाडें नव्हेत. पेटींत माशांची विष्ठा व उरलेलें खाद्य कुजून खत तयार होतच असतें. त्यावर उजेडाची रेलचेल झाली कीं जें निर्माण होतें तें शेवाळ. पेटींतील मोठ्या झाडांस दिवसाचे आठ-दहा तास पुरे होतात. त्यापुढचा बहुतेक उजेड शेवाळाच्या वांट्यास जातो. पहिल्यानें कांचेवर हिरवा थर येतो, मग पानांवर केंसांसारखे तंतु दिसूं लागतात, आणि कधीं कधीं सगळें पाणीच हिरव्या रंगाच्या सरबतासारखें होऊन मासेहि दिसेनासे होतात. अशा प्रसंगीं मालक दुकानाकडे धांव घेतो आणि दुकानदार शेवाळाचें औषध पुढें करतो. या औषधांपैकीं कित्येकांत तांब्याचे क्षार असतात. ते गोगलगायींस व झिंग्यांस घातक आहेत. शेवाळ दिसतांच औषधाची बाटली उघडण्यापूर्वीं आपण घड्याळाकडे पाहावें, असें आमचें पालकांस आग्रहाचें सांगणें आहे. दिवा किती तास जळतो हें चार दिवस लिहून काढलें, तर पुष्कळदां रोगाचें कारण त्या कागदावरच सांपडतें.

शेवाळ व उजेड यांचें नातें कांहीं आजचें नव्हे. लंडन येथील रसायनज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यानें इ. स. १८५० मध्यें सोनेरी मासे, वॅलिस्नेरिया नांवाची पाणवनस्पति आणि गोगलगायी यांस एका पात्रांत एकत्र ठेवून त्यांचा परस्परांशीं तोल कसा राहतो तें प्रसिद्ध केलें. तीन वर्षांनीं लंडनच्या प्राणिबागेंत लोकांसाठीं मत्स्यगृह उघडलें, आणि १८५४ त फिलिप हेन्री गॉस याच्या पुस्तकानें घरांत मासे ठेवण्याची लाट उसळली. त्या काळीं घरांत वीज कोठली? पेटी खिडकीशीं ठेवावयाची आणि सूर्य देईल तो उजेड घ्यावयाचा. अधिक ऊन आलें कीं पाणी हिरवें होई आणि पडदा ओढावा लागे. परंतु एक गोष्ट त्या लोकांना आपोआप लाभत होती. सूर्य वेळेवर उगवे व वेळेवर मावळे. विजेच्या दिव्यानें आपली खिडकीची गरज भागविली, पण त्याबरोबर माशांची रात्रहि आपल्या हातीं दिली. हा अधिकार मोठा आहे, आणि तो आपण बटणाशीं खेळणाऱ्या मुलासारखा वापरतों, हीच आमची तक्रार आहे.

आतां माशांकडे वळूं. आपण पाळतों त्या माशांस पापण्या नसतात, म्हणून ते झोंपत नाहींत असा एक समज रूढ आहे. तो खरा नाहीं. अंधार पडल्यावर बरेचसे मासे एखाद्या पानाआड किंवा तळाशीं स्थिर होतात, कल्ले संथ हालवितात, आणि हलकी चाहूल लागली तरी लवकर हालत नाहींत. हीच त्यांची झोंप. नीऑन टेट्रा हा चिमुकला मासा ज्यांनीं पाळला असेल त्यांस ठाऊक असेल कीं, रात्रीं त्याचा झगझगीत निळा पट्टा फिकट पडतो. पहांटे दिवा लावून पाहणारें मूल घाबरतें कीं मासा आजारी पडला. वास्तविक तो नुकता जागा होत असतो, आणि थोड्या वेळांत रंग परत येतो. पापणी नसलेल्या जीवास डोळे मिटून उजेड टाळतां येत नाहीं, हें आपण ध्यानांत धरलें पाहिजे. इतकेंच नव्हे, तर माशाच्या मेंदूवर, कवटीच्या अगदीं खालीं, एक लहानशी ग्रंथि असते, ती डोळ्यांच्या मदतीवांचून प्रत्यक्ष उजेड ओळखते. अंधारांत ती जो रस रक्तांत सोडते त्यावरून शरीरास रात्र झाली हें कळतें. दिवा जळत राहिला कीं तो रस आटतो. म्हणजे दिवा न मालवणें हें माशाच्या दृष्टीनें केवळ गैरसोयीचें नव्हे. त्याच्या शरीरांतील रात्रच त्यामुळें नाहींशी होते.

झेब्रा डॅनिओ हा पट्ट्यापट्ट्यांचा चपळ मासा दुकानांत अगदीं अल्प किंमतीस मिळतो. हा मूळचा आपल्याच देशाकडचा. गंगा नदींतील माशांवर फ्रान्सिस हॅमिल्टन यानें १८२२ त जो ग्रंथ लिहिला, त्यांत याचें प्रथम शास्त्रीय वर्णन आलें. आज जगांतील असंख्य प्रयोगशाळांत हा मासा पाळला जातो, आणि तेथें त्याच्यासाठीं १४ तास उजेड व १० तास अंधार असा नियम सर्वसाधारणपणें पाळतात. कारण हा मासा अंडीं घालतो तो पहांटेस, दिवा लागल्यानंतर थोड्याच वेळांत. पहांट केव्हां होणार हेंच ज्यास कळत नाहीं, त्यानें अंडीं घालावींत तरी केव्हां? ज्या संस्था एका माशावर वर्षानुवर्षें संशोधन करतात त्या जर रात्रीचे दहा तास इतक्या कसोशीनें राखतात, तर त्यांत कांहीं अर्थ असलाच पाहिजे.

उत्पत्तीच्या वृत्तांतांत प्रकाश व अंधकार यांची फारकत प्रथम दिवशींच झाल्याचें आपण प्रार्थनेच्या तासास ऐकतों. मासे तेथें कितीतरी मागाहून, पांचव्या दिवशीं येतात. अर्थात् त्यांच्यासाठीं दिवसाबरोबर रात्रहि आधींपासून सिद्ध होती.

तर मग वेळ ठरवावी कशी? आपल्या अक्षांशांवर दिवस फारसा लहानमोठा होत नाहीं; मुंबईस हिंवाळ्यांतील लहानांत लहान दिवस सुमारें अकरा तासांचा, तर ज्येष्ठांतील मोठा सव्वातेराचा. उष्ण प्रदेशांतले मासेहि अशाच दिवसांस संवकलेले असतात. परंतु पेटीवरील दिवा पूर्ण दिवसभर जळण्याची जरूर नाहीं. खोलींत येणारा साधा उजेड माशांस दिवस असल्याचें सांगण्यास पुरेसा आहे. दिवा हवा तो मुख्यतः झाडांसाठीं आणि, खरें बोलावयाचें तर, आपल्या डोळ्यांसाठीं. नवी पेटी मांडल्यावर झाडांनीं मूळ धरलेलें नसतें, म्हणून पहिले कांहीं आठवडे सहा तासच पुरे. पुढें आठवड्यास अर्धा तास वाढवीत आठावर यावें. झाडें भरपूर व जोमदार असल्यास नऊ-दहा तासांपर्यंत जाण्यास हरकत नाहीं. पेटींत झाडें मुळींच नसतील तर मासे पाहण्यापुरते चार-सहा तास विपुल झाले.

शाळेंतून संध्याकाळीं घरीं येणाऱ्या मुलास दुपारीं जळणाऱ्या दिव्याचा काय उपयोग, हा प्रश्न रास्त आहे. त्यासाठीं दुपारीं १ ते रात्रीं ९ अशी वेळ ठेवावी. सकाळींहि मासे पाहण्याची आवड असेल तर सकाळीं ७ ते ९ आणि पुन्हा दुपारीं ३ ते रात्रीं ९, असे दोन भाग करावे. मधल्या वेळांत खोलींतला उजेड असतोच. मात्र दोहोंपेक्षां अधिक तुकडे पाडूं नयेत. खोली काळोखी असतांना पेटीचा दिवा एकदम लावूं नये व एकदम मालवूंहि नये. दचकलेला मासा कांचेवर आपटतो, क्वचित् झांकण उघडें असल्यास बाहेरहि उडतो. आधीं खोलीचा दिवा, मग पेटीचा; आणि रात्रीं आधीं पेटीचा मालवून अर्ध्या तासानें खोलीचा, हा क्रम ठेवावा. खाद्य दिवा लागल्यावर अर्ध्या तासानें द्यावें आणि शेवटचें खाद्य दिवा मालवण्यापूर्वीं निदान एक तास. आपल्या ओढ्या-नद्यांतील मांगूर, शिंगाळा यांसारखे मिशाळ मासे मात्र अंधारांतच भक्ष्य शोधावयास निघतात. त्यांच्या जातभाईंपैकीं कोणी पेटींत असेल तर त्याचा घांस दिवा मालवल्यावर टाकावा, नाहीं तर इतर मासे तो खाऊन टाकतात आणि तो बिचारा उपाशी राहतो.

पेटीवर थेट ऊन पडूं देऊं नये, हें तर सांगावयासच नको. वेळेंत फरक करावयाचा तो बेतानें करावा. दोन-तीन दिवसांतच कांच हिरवी होत असेल तर अर्धा तास कमी करावा; पानें पिवळीं पडून झाडांचे कांडे लांबट व किडकिडीत होत असतील तर अर्धा तास वाढवावा, आणि मग पंधरा दिवस हात आवरून वाट पाहावी. वही घालून त्यांत तारीख, तास व कांचेचा रंग एवढें लिहून ठेवणारा विद्यार्थी दोन महिन्यांत दुकानदाराहून अधिक जाणता होईल, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. पाणी अगदींच हिरवें झालें असेल तर पेटीभोंवतीं जाड चादर गुंडाळून तीन दिवस पूर्ण अंधार करावा, खाद्य बंद ठेवावें, पण हवेचा पंप चालूं ठेवावा. निरोगी मोठ्या माशांस व झाडांस एवढ्यानें अपाय होत नाहीं. चौथ्या दिवशीं पाण्याचा तिसरा हिस्सा बदलावा, कारण मेलेलें शेवाळ कुजूं लागलेलें असतें. मूळचे तास मात्र त्यानंतर कमी केले नाहींत, तर महिन्याभरांत पुन्हा चादर काढावी लागेल.

आतां यंत्राविषयीं. बाजारांत टायमर नांवाचें लहानसें साधन मिळतें, तें भिंतीवरील विजेच्या खोबणींत बसवून त्यांत दिव्याची वायर लावावयाची. जुन्या धर्तीच्या टायमरवर चोवीस तासांची फिरती चकती असून तिच्या कडेस लहान लहान खुंट्या असतात. हव्या त्या तासांच्या खुंट्या दाबल्या कीं दिवा आपोआप लागतो व मालवतो. परंतु आपल्याकडे वीज जाण्याचें प्रमाण ध्यानांत घेतलें पाहिजे. वीज दोन तास गेली कीं ही चकतीहि दोन तास थांबते, आणि मग माशांचा सूर्य दोन तास उशिरां उगवूं लागतो! पावसाळ्यांत तर आठवड्याभरांत दिवसाची रात्र होऊन बसते. म्हणून दर रविवारीं चकती घड्याळाशीं जुळवून घ्यावी, अथवा आंत विजेरी असलेला टायमर घ्यावा, जो वीज गेली तरी वेळ विसरत नाहीं.

यावर कांहीं पालकांचा आक्षेप असा येतो कीं, मुलानें रोज ठरल्या वेळीं स्वतःच्या हातानें दिवा लावावा, यांतच खरी शिस्त आहे. तें काम यंत्राच्या स्वाधीन केलें तर मूल आळशी होईल. या मताबद्दल आम्हांस आदर आहे, परंतु तें आम्हांस मान्य नाहीं. मुलास शिस्त लावतांना तें दहा वेळां चुकणार, हें गृहीतच धरावें लागतें. पाढे चुकले तर पाढ्यांस दुखत नाहीं. येथें मात्र प्रत्येक चुकीची झळ एका मुक्या जिवास लागते, आणि त्यास ओरडतांहि येत नाहीं. मुलाच्या शिस्तीसाठीं पाणी बदलणें, कांच पुसणें, मासे मोजणें, वही लिहिणें अशीं कामें कांहीं कमी नाहींत; तीं त्याच्याकडे अवश्य द्यावींत. खर्चाची सबब तर टिकतच नाहीं. १५ वॉटचा दिवा रोज आठ तास जळला तर महिन्यास साडेतीन युनिटांच्या आसपास वीज लागते. तोच अहोरात्र जळला तर पावणेअकरा. टायमरची किंमत फार काळ अंगावर राहत नाहीं.

याहून अवघड आहे तें आपली हौस आवरणें. आमच्या पाहण्यांतील एका दुकानाच्या दर्शनी भागांत मोठी पेटी आहे, ती गिऱ्हाइकांसाठीं दिवसभर आणि रस्त्यावरच्या शोभेसाठीं रात्रभर उजळलेली असते. तिच्यांतील मासे एका कोपऱ्यांत, पंपाच्या नळीमागें जी बोटभर सावली पडते तिच्यांत, दाटीवाटीनें उभे असतात. जाणारे येणारे थांबून म्हणतात, काय सुंदर देखावा! त्या सावलीकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. घरांतहि हेंच थोड्या प्रमाणांत चालतें. रात्रीं दहा वाजतां पाहुणे आले, म्हणून मालवलेला दिवा पुन्हा लावला जातो. पाहुण्यांस सांगावें कीं मासे निजले आहेत, उद्यां सकाळीं पाहा. घरांत तान्हें मूल निजलें असतां आपण असेंच सांगतों, आणि त्याचा राग कोणास येत नाहीं. कित्येक पेट्यांस चंद्रप्रकाश म्हणून निळा दिवा जोडलेला असतो व तो रात्रभर ठेवतात. घटका दोन घटका तो ठेवण्यास हरकत नाहीं, पण खरा चंद्र कांहीं महिन्याच्या तिसांपैकीं तीसहि रात्रीं पौर्णिमेचा नसतो.

अभ्यासाच्या खोलींत पेटी ठेवणाऱ्यांचा प्रश्न मात्र खरोखर बिकट आहे. दहावीच्या मुलास रात्रीं जागावें लागतें, आणि खोलीचा दिवा मालवा असें त्यास सांगतां येत नाहीं. (मध्यरात्रीपर्यंत जागून केलेल्या अभ्यासापैकीं सकाळीं डोक्यांत किती उरतो, आणि त्यांतला किती वेळ मोबाईलच्या उजेडांत जातो, हा विषय निराळा, त्याचा विचार पालकांनीं करावा.) अशा घरीं पेटी दुसऱ्या खोलींत हालवावी. तें शक्य नसेल तर टेबलावर खालीं तोंड असलेला लहान दिवा घ्यावा आणि रात्रीं नऊनंतर पेटीच्या त्या बाजूस गडद कापड सोडावें. वरची बाजू हवेसाठीं मोकळी ठेवावी. मे महिन्यांत गांवीं जातांना टायमर चालूं ठेवून जावें, तास मात्र सहांवर आणावेत, आणि किल्ली ज्या शेजाऱ्याकडे द्यावयाची त्यास खाद्याच्या पुड्या मोजून देतांनाच हेंहि सांगावें कीं, पेटी पाहावयास यावयाचें तें दिवसा.